ड्रुपल: मॉड्यूलच्या फाइलला हात न लावता त्याची क्वेरी बदलणं

ड्रुपलवर (वेबसाइट चालवणारी प्रणाली) उभ्या असलेल्या साइटवर निविदांची यादी आहे. एक तयार मॉड्यूल (ड्रुपलला जोडायचा कोडचा संच) ब्लॉकमध्ये, म्हणजे पानावरच्या एका चौकटीत, ताज्या दहा निविदा दाखवतं, पण मुदत उलटून गेलेल्याही त्यातच दिसत राहतात. अशा वेळी मॉड्यूलची फाइल उघडून एक अट घुसडून द्यावी असं वाटतं. ती अट कंपोझरने (पॅकेजं बसवणारं साधन) पुढच्या वेळी मॉड्यूल अपडेट करेपर्यंत टिकते, मग पुसली जाते. दुसरा मोह म्हणजे आलेल्या दहा ओळी पीएचपीत गाळायच्या. मग एका पानावर सात ओळी, दुसऱ्यावर तीन आणि पेजर (पानांचे आकडे दाखवणारी पट्टी) मात्र जुन्याच हिशेबावर. गाळणं डेटाबेसमध्येच, म्हणजे त्याला विचारलेल्या प्रश्नातच (क्वेरीत), व्हायला हवं, आणि ते बाहेरून करण्याची सोय ड्रुपलमध्ये आहे.

खालचं सगळं ड्रुपल १० आणि ११ साठी आहे. फंक्शन, टेबलं आणि टॅग यांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच लिहायची.

आधी क्वेरी कुठल्या जातीची आहे ते पाहा

ड्रुपल ६ मध्ये क्वेरी म्हणजे नुसती मजकुराची ओळ असायची आणि तिच्यात ठिगळं लावावी लागत. ड्रुपल ७ पासून (२०११) क्वेरी हा ऑब्जेक्ट झाला आणि चालण्याआधी ती इतर मॉड्यूलांसमोर ठेवली जाऊ लागली. पण सगळ्याच क्वेरी ठेवल्या जात नाहीत. मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये शोध घ्या:

क्वेरी `->सिलेक्ट(...)` ने बांधलेली असेल आणि तिला `->अ‍ॅडटॅग(...)` ने निदान एक टॅग (ओळखीची खूण) लावलेला असेल, तर ती बदलता येते. टॅग एकही नसेल तर ऑल्टर हुक (क्वेरी चालण्याआधी ती बदलता यावी म्हणून ड्रुपल स्वतः बोलावतं ती फंक्शनं) मुळी बोलावलेच जात नाहीत. सगळ्या क्वेरींसाठी असलेला हुक_क्वेरी_ऑल्टरसुद्धा नाही. लिहिलेला हुक ढिम्म राहतो तेव्हा बऱ्याचदा कारण हेच निघतं.

`->क्वेरी("सिलेक्ट ...")` असा थेट एसक्यूएल मजकूर असेल तर बाहेरून काही करता येत नाही. त्याचा मार्ग शेवटी दिला आहे.

एंटिटी क्वेरी (एसक्यूएल न लिहिता नोड, म्हणजे मजकुराचे नग, शोधण्याची ड्रुपलची सोय) असेल तर टॅग आपोआप लागतात: एंटिटी_क्वेरी, एंटिटी_क्वेरी_नोड, आणि अ‍ॅक्सेसचेक (परवानगीची तपासणी) खरा असेल तर नोड_अ‍ॅक्सेस. व्ह्यूजच्या (स्क्रीनवरच याद्या बांधण्याचं मॉड्यूल) क्वेरीला व्ह्यूज आणि व्ह्यूज_(व्ह्यूचं मशीन नेम, म्हणजे कोडमधलं नाव) असे दोन.

टॅग निवडताना कंजूष राहा. एंटिटी_क्वेरी_नोड या टॅगवर "मुदत संपलेल्या वगळा" अशी अट घातली की ती फक्त ब्लॉकला लागत नाही. ऑटोकम्प्लीट, क्रॉनमधली (ठरावीक वेळाने आपोआप चालणारी) कामं, जुन्या निविदा संग्रहात हलवणारी स्क्रिप्ट, जे जे एंटिटी क्वेरी वापरतं त्या सगळ्यांना ती लागते. संग्रहात हलवणाऱ्या स्क्रिप्टला तर हलवायच्या निविदाच सापडेनाशा होतात! मॉड्यूलने स्वतःचा खास टॅग दिला असेल तर तोच वापरा. आपल्या उदाहरणात तो निविदा_सूची आहे असं धरू.

हुक लिहिणं

कस्टम मॉड्यूलांच्या फोल्डरात निविदा_गाळणी नावाचं फोल्डर करा. त्यात इन्फो फाइल (नाव, प्रकार मॉड्यूल, आणि कोअर आवृत्तीची अट ^१० || ^११) आणि .मॉड्यूल फाइल, एवढं पुरतं. फंक्शनचं नाव ठरलेल्या साच्यात हवं: मॉड्यूलचं नाव, मग क्वेरी, मग टॅग, मग ऑल्टर. म्हणजे निविदा_गाळणी_क्वेरी_निविदा_सूची_ऑल्टर. त्याला $क्वेरी हा ऑब्जेक्ट मिळतो. ११.१ पासून हेच काम एसआरसी/हुक फोल्डरातल्या क्लासमध्ये हुक अ‍ॅट्रिब्यूट लावूनही करता येतं. जुनी पद्धतही चालतेच. मॉड्यूल चालू केल्यावर आणि नवा हुक लिहिल्यावर दर वेळी कमांड लाइनवर `ड्रश सीआर` (कॅश रिकामी करणारी आज्ञा) चालवा, नाहीतर ड्रुपलला हुकचा पत्ताच नसतो.

फंक्शनमध्ये पहिलं काम म्हणजे मूळ टेबलाचं टोपणनाव (एलियस) शोधणं. ते "एन" असेल असं गृहीत धरू नका. एंटिटी क्वेरीत ते बेस_टेबल असतं, इतरत्र लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. `$क्वेरी->गेटटेबल्स()` वर लूप चालवा, ज्याचं टेबल नोड_फील्ड_डेटा आहे त्याचं टोपणनाव $न मध्ये घ्या, आणि सापडलं नाही तर मुकाट्याने परत फिरा.

मग जॉइन, म्हणजे मुदतीचं टेबल जोडणं:

`$मु = $क्वेरी->लेफ्टजॉइन('नोड__फील्ड_मुदत', 'मु', "%एलियस.एंटिटी_आयडी = $न.एनआयडी आणि %एलियस.डिलीटेड = ०");`

(इथला "आणि" म्हणजे एसक्यूएलचा अँड.) इथे एक खोड लक्षात ठेवा. कंडिशन, ऑर्डरबाय, रेंज ही फंक्शनं क्वेरी परत देतात, म्हणून त्यांची साखळी करता येते. जॉइन, लेफ्टजॉइन, अ‍ॅडफील्ड आणि अ‍ॅडएक्स्प्रेशन टोपणनाव परत देतात. त्यांच्यापुढे बाण लावून साखळी वाढवली की मजकुरावर फंक्शन बोलावल्याची फेटल एरर येते. आणि परत आलेलं टोपणनावच पुढे वापरा. तुम्ही सुचवलेलं आधीच कुणी घेतलं असेल तर ड्रुपल ते बदलतं.

आता अट. काही निविदांना मुदतच नसते आणि त्या दिसायला हव्यात, म्हणून लेफ्ट जॉइन (जोडीची ओळ नसली तरी मूळ ओळ ठेवणारा). पण त्यानंतर साधी कंडिशन लावून "मुदत आत्तापेक्षा मोठी" म्हटलं की लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन (जोडी नसलेली ओळ गाळणारा) होतो, कारण नल (किंमतच नसणं) ची तुलना कधीच खरी ठरत नाही. म्हणून दोन पर्यायांचा गट हवा:

`$गट = $क्वेरी->ऑरकंडिशनग्रुप()`
`->इझनल("$मु.फील्ड_मुदत_व्हॅल्यू")`
`->कंडिशन("$मु.फील्ड_मुदत_व्हॅल्यू", $आता, '>=');`
`$क्वेरी->कंडिशन($गट);`

किमती नेहमी अशाच, कंडिशनला वेगळं दुसरं अर्ग्युमेंट म्हणून द्या. अटीच्या मजकुरात थेट चिकटवू नका. "इन" साठी अ‍ॅरे देत असाल तर तो रिकामा नाही ना ते आधी तपासा, रिकाम्या अ‍ॅरेवर ड्रुपल एक्सेप्शन फेकतं आणि पान पांढरं होतं.

वेळेचा घोळ: साडेपाच तास

सगळ्यात जास्त चुका $आता या एका किमतीत होतात. तारीख-वेळ फील्ड डेटाबेसमध्ये साध्या मजकुराच्या रूपात, आणि यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेत साठवलं जातं. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ५ ची मुदत टेबलात ११:३०:०० अशी बसते. तुम्ही $आता मध्ये साइटची स्थानिक वेळ दिलीत तर ती निविदा सकाळी साडेअकरालाच यादीतून गायब होते, मुदतीच्या साडेपाच तास आधी. म्हणून यूटीसी वेळ काढणाऱ्या जीएमडेट फंक्शनला ड्रुपलच्या टाइम सर्व्हिसकडची रिक्वेस्ट टाइम द्या.

घाटही हुबेहूब हवा: वर्ष-महिना-दिवस, मग मोठं टी अक्षर, मग तास:मिनिट:सेकंद. तुलना मजकुराची आहे. टी च्या जागी स्पेस टाकलीत तर स्पेस टी च्या आधी क्रमाने येते, त्यामुळे त्या तारखेच्या सगळ्या निविदा मध्यरात्रीपर्यंत "अजून मुदत आहे" अशाच ठरतात. (यूटीसीची मध्यरात्र, म्हणजे आपली पहाटेची साडेपाच.) एरर येत नाही, म्हणून ही चूक पटकन पकडली जात नाही. फील्ड फक्त तारखेचं असेल, वेळेशिवाय, तर मात्र यूटीसीत रूपांतर होत नाही. तिथे स्थानिक तारीखच द्या.

मराठी-इंग्रजी साइट असेल तर

नोड_फील्ड_डेटा टेबलात एका नोडच्या प्रत्येक भाषेसाठी एक ओळ असते. मूळ क्वेरीत लँगकोडची (भाषेच्या खुणेची) अट नसेल तर प्रत्येक निविदा दोनदा दिसते. चालू भाषेची अट घाला, किंवा डिफॉल्ट_लँगकोड = १ (फक्त मूळ भाषेची ओळ).

इथून पुढे एक सापळा आहे. नीटनेटकं काम म्हणून जॉइनमध्येही "मु.लँगकोड = न.लँगकोड" जोडावंसं वाटतं. मुदतीचं फील्ड अनुवादासाठी खुलं असेल तर ते बरोबर आहे. पण मुदत सहसा भाषेगणिक बदलत नाही, म्हणून ते फील्ड बंद ठेवलेलं असतं, आणि तसं असलं की त्याची एकच ओळ, नोडच्या मूळ भाषेत, साठवली जाते. निविदा मूळ इंग्रजीत भरली असेल तर मराठी ओळीला मुदत सापडत नाही, नल येतं, आपल्या गटातली "मुदतच नाही" ही अट खरी ठरते आणि मराठी यादीत ती निविदा कायमची मुक्काम ठोकते. इंग्रजी यादी मात्र चोख. फील्डच्या सेटिंगमध्ये अनुवादाची खूण आहे का ते पाहूनच ही अट ठेवायची की काढायची ते ठरवा.

एका नोडला अनेक किमती असलेलं फील्ड (विभाग, जिल्हा) जोडलं तरी ओळी वाढतात. डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच) लावून सुटतं, पण क्रम लावलेला कॉलम निवडलेल्या कॉलमांत नसेल तर पोस्टग्रेस डेटाबेस नकार देतो. फक्त गाळायचंच असेल तर एक्झिस्ट्स (अशी ओळ आहे का एवढंच पाहणारी अट) आणि आत छोटी क्वेरी हे जास्त स्वच्छ.

जाता जाता: शीर्षकावर लाइक ने शोधत असाल तर "दुसऱ्या" मधला ऱ तीन प्रकारे टाइप झालेला असू शकतो. स्वतंत्र ऱ, र अधिक नुक्ता, किंवा र-हलन्त अधिक झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). डोळ्याला एक, डेटाबेसला तीन. पहिले दोन पीएचपीच्या नॉर्मलायझरने एक होतात, तिसऱ्यासाठी स्वतः बदल करून घ्यावा लागतो.

खरंच काय चाललं ते पाहणं

हुकच्या शेवटी क्वेरीचा मजकूर आणि `अर्ग्युमेंट्स()` लॉगमध्ये टाका. मजकुरात टेबलांची नावं महिरपी कंसांत आणि किमतींच्या जागी प्लेसहोल्डर (जागा धरणारी नावं) दिसतील. दोन्ही बदलून ती क्वेरी डेटाबेसमध्ये हाताने चालवा, मोठ्या साइटवर पुढे एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारा शब्द) लावून. मग साध्या वापरकर्त्याच्या खात्याने आणि लॉगआउट होऊनही यादी तपासा. पहिल्या क्रमांकाच्या (मुख्य प्रशासकाच्या) खात्याने तपासणं फसवं असतं: ज्याला नोड अ‍ॅक्सेस ओलांडण्याची परवानगी आहे त्याच्यासाठी नोड_अ‍ॅक्सेस टॅगच्या अटी लागतच नाहीत. त्याच टॅगवर भरवसा ठेवून "प्रकाशित" ही स्टेटस = १ ची अटही सोडून देऊ नका.

आणि हुकच्या आत त्याच टॅगची दुसरी क्वेरी चालवू नका. ती पुन्हा हुक बोलावते, तो पुन्हा क्वेरी, आणि मेमरी संपेपर्यंत हे चालू राहतं.

कॅश

क्वेरी बरोबर, तरी लॉगआउट झालेल्यांना कॅशमधली, म्हणजे साठवून ठेवलेली, जुनी यादी दिसते. मुदत संपणं ही घटना ड्रुपलला कळत नाही, कारण कुठलाही नोड सेव्ह झालेला नसतो. ब्लॉकला मॅक्स-एज (साठवलेली प्रत किती वेळ चालवायची ते) देऊन पूर्ण काम होत नाही, अंतर्गत पेज कॅश पानाच्या आतल्या मॅक्स-एजकडे पाहत नाही. उपाय क्रॉनमध्ये: मागच्या खेपेनंतर एखादी मुदत संपली आहे का ते पाहा (मागची वेळ स्टेट एपीआयमध्ये, म्हणजे अशा छोट्या नोंदींच्या ड्रुपलच्या साठ्यात ठेवा), संपली असेल तरच यादीचा कॅश टॅग (कुठल्या साठवलेल्या प्रती टाकायच्या ते सांगणारी खूण) रद्द करा. तो नोड_लिस्ट:निविदा आहे की नुसता नोड_लिस्ट, हे कॅशेबिलिटीचे डीबग हेडर चालू करून कळतं. नुसता नोड_लिस्ट रद्द केला तर साइटवरच्या सगळ्याच याद्या पुन्हा बांधाव्या लागतात, तो नाइलाज असेल तरच. ऑटोमेटेड क्रॉनचं ठरलेलं अंतर ३ तासांचं आहे. निविदेला ते परवडत नाही. सर्व्हरच्या क्रॉनटॅबमध्ये दर १५ मिनिटांनी ड्रश क्रॉन लावा.

अट वापरकर्त्यावर अवलंबून असेल (त्याचा विभाग, त्याची भूमिका) तर कॅश कॉन्टेक्स्ट (कुणासाठी वेगळी प्रत ठेवायची ते सांगणारा) हवाच, नाहीतर एकाची यादी दुसऱ्याला दिसेल. ऑल्टर हुकमध्ये रेंडर अ‍ॅरे (पान मांडण्याची रचना) हाती नसतो. कोअरचं नोड मॉड्यूल यासाठी फक्त कॉन्टेक्स्ट असलेला रिकामा अ‍ॅरे रेंडर करून तो वर झिरपवतं, तीच युक्ती उचला.

यादी व्ह्यूजची असेल तर

आधी कोड लिहूच नका. तारखेचा फिल्टर, "नाऊ" ही सापेक्ष किंमत आणि ऑर गट हे सगळं स्क्रीनवरच जमतं. तिथे न जमणारी अट असेल तर हुक_व्ह्यूज_क्वेरी_ऑल्टर, तो मॉड्यूलच्या .व्ह्यूज_एक्झिक्युशन.इंक फाइलमध्ये. व्ह्यूचं मशीन नेम आणि चालू डिस्प्ले दोन्ही तपासा. `इन्शुअरटेबल` ने टेबल जोडा, परत आलेलं टोपणनाव वापरा, आणि `अ‍ॅडव्हेअर` चा पहिला आकडा म्हणजे गट, तो ० द्या. स्क्रीनवर केलेल्या गटाचा आकडा दिलात आणि तो गट ऑर चा असला, तर तुमची अट गाळण्याऐवजी यादी फुगवते.

क्वेरी थेट मजकुरात असेल तर

ब्लॉक असेल तर हुक_ब्लॉक_ऑल्टर मधून त्याचा क्लास बदलून आपला क्लास द्या. तो मूळ क्लासवरून वाढवा आणि क्वेरी असलेलं एकच फंक्शन पुन्हा लिहा. क्वेरी सर्व्हिसमध्ये असेल तर ती सर्व्हिस डेकोरेट करा (तिच्यावर आपला क्लास चढवा). तेही शक्य नसेल तर कंपोझर-पॅचेस वापरून पॅच (मूळ फाइलमधला नोंदवलेला बदल, जो अपडेटनंतर आपोआप पुन्हा लागतो) लावा. पॅचमध्ये फक्त एवढंच करा: मजकूर-क्वेरीच्या जागी सिलेक्ट आणि एक टॅग. तुमची मुदतीची अट मात्र तुमच्याच मॉड्यूलच्या हुकमध्ये ठेवा. असा पॅच मॉड्यूल सांभाळणाऱ्यांना पाठवता येतो आणि ते तो घेण्याची शक्यताही जास्त असते.