‘आपण मुंबईचा पाऊस बघितलाय’ म्हणणाऱ्यांनो, ब्रिटनच्या उन्हाळी पुरात या चुका टाळा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लंडनला वर्षभरात पडतो साधारण ६०० मिलिमीटर. त्यामुळे इथे नवीन आलेल्या मराठी माणसाला वाटतं, यांच्या पावसाला काय घाबरायचं? मलाही तसंच वाटायचं. मग एका जुलैत आमच्या घरात घोट्याएवढं पाणी शिरलं. जवळपास नदी नाही, ओढा नाही. पाणी तासाभरात ओसरलं, पण घर राहण्याजोगं व्हायला सात महिने लागले.

फरक आहे तो घराच्या बांधणीत. आपल्याकडे लादी, सिमेंट, विटा. पाणी गेलं की चिखल काढायचा, फिनाईल टाकून फरशी पुसायची, पंखे लावायचे. इथे कार्पेट, त्याखाली स्पंजासारखं अंडरले, त्याखाली लाकडी फळ्या, फळ्यांखाली पोकळी आणि भिंतींना प्लास्टरबोर्ड, म्हणजे कागदात दाबलेल्या जिप्समचे पत्रे. यातली प्रत्येक गोष्ट पाणी पिते आणि धरून ठेवते. म्हणून तिकडच्या सवयी इथे जशाच्या तशा चालत नाहीत.

‘नदी लांब आहे’ म्हणून निर्धास्त राहणं

सगळ्यात मोठी चूक हीच. २००७ मध्ये मे ते जुलै हे तीन महिने इंग्लंड आणि वेल्समध्ये १७६६ पासूनच्या नोंदींतले सर्वांत ओले ठरले. त्या जूनमध्ये हल शहरात हजारो घरं बुडाली, ती मुख्यतः नदीमुळे नाही, तर गटारांना पाणी पेललं नाही म्हणून. जुलै २०२१ मध्ये लंडनलाही तेच झालं. तळघरातले फ्लॅट भरले, ट्यूबची (भुयारी रेल्वेची) स्टेशनं बंद पडली, इस्पितळांतही पाणी शिरलं. इंग्लंडमध्ये पुराचा धोका असलेल्या ६३ लाख मालमत्तांपैकी ४६ लाखांना धोका आहे तो याच रस्त्यावरून वाहत येणाऱ्या पाण्याचा.

आणि नेमक्या याच पाण्याची खबर आधी मिळत नाही. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या इंग्लंडच्या सरकारी संस्थेचे इशारे मुख्यतः नद्या आणि समुद्रासाठी असतात. फ्लड अलर्ट म्हणजे तयारीत राहा, फ्लड वॉर्निंग म्हणजे लगेच हालचाल करा, सिव्हिअर फ्लड वॉर्निंग म्हणजे जिवाला धोका. त्यांची मोफत नोंदणी जरूर करा (फ्लडलाइन ०३४५ ९८८ ११८८), पण तेवढ्यावर विसंबू नका. मेट ऑफिसचे, म्हणजे इथल्या हवामान खात्याचे, पावसाचे आणि वादळी पावसाचे रंगांचे इशारेही फोनवर येऊ द्या. घर भाड्याने किंवा विकत घेण्याआधी सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून त्या पत्त्याचा धोका बघा. दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही ते पाणी शिरल्यानंतर केलं.

दारावर सगळी ताकद लावणं

आम्हीही दारच अडवलं. उंबऱ्याशी टॉवेल, त्यावर गाद्या. दारातून थेंबही आला नाही. पण बैठकीतल्या फळ्यांच्या फटींतून बुडबुडे यायला लागले, आणि पाच मिनिटांत कार्पेट पायाखाली तरंगल्यासारखं हलायला लागलं. पाणी आलं होतं एअर ब्रिकमधून.

घराबाहेर जाऊन भिंतीच्या तळाशी बघा. जमिनीपासून वीतभर उंचीवर जाळीदार विटा दिसतील. लाकडी जमिनीखाली हवा खेळावी म्हणून त्या असतात. पुरात पाण्याचा पहिला रस्ता तोच. त्यांच्यावर बसवायची झाकणं मिळतात, आणि पाणी आलं की आपोआप बंद होणाऱ्या विटाही मिळतात. मात्र कुणी सिमेंटने कायमचं बुजवायला सांगितलं तर ऐकू नका. जमिनीखालचं लाकूड कुजेल.

दुसरा रस्ता खालच्या मजल्यावरच्या संडासाचा. जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि मैला एकाच नळातून जातात. तो नळ तुंबला की सगळं उलटं घरात येतं. प्लंबरकडून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवून घ्या. आयत्या वेळी संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी दाबून ठेवा, आणि सिंकला, बाथटबला बूच लावून वर वजन ठेवा.

वाळूच्या पिशव्या कौन्सिल (इथली पालिका) आणून देईल हे गृहीत धरू नका. तशी सक्ती त्यांच्यावर नाही. उशीच्या खोळीत बागेतली माती भरली तरी काम भागतं. पण खोळ गच्च भरायची नाही. थोडी सैल ठेवली की एकमेकींवर नीट बसतात. खाली प्लास्टिक अंथरा. तरीही पाणी थोडं झिरपणारच.

इथे आपल्या स्वयंपाकघराबद्दल थोडं बोलायला हवं. तळणीचं तेल, फोडणीचं उरलेलं तेल, तूप सिंकमध्ये ओतू नका. थंड नळात ते मेणासारखं गोठतं. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असा चरबीचा आणि ओल्या वाइप्सचा २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. तुमच्या घरापासून रस्त्यापर्यंतचा नळ तर जेमतेम चार इंची. तेल डब्यात जमवा आणि कचऱ्यात टाका.

जिन्याखालच्या कपाटात संसार भरणं

बहुतेक मराठी घरांत जिन्याखालचं कपाट म्हणजे कोठीघर. दहा किलोचं बासमतीचं पोतं, कणीक, बॅगा आणि एका फाइलमध्ये पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं, मुलांचे जन्मदाखले. अनेक घरांत विजेचा मीटर आणि फ्यूजबॉक्सही तिथेच. आमचं पोतं खालून भिजलं आणि दोन दिवसांत सगळ्या घरात आंबूस वास सुटला. कागदपत्रं आजच वरच्या मजल्यावर न्या.

वीज बंद करायची ती पाणी आत यायच्या आधी, कोरड्या पायांनी. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही. कोणी कितीही धीर दिला तरी नाही. स्विचपर्यंत कोरड्या पायांनी जाता येत नसेल तर १०५ वर फोन करा आणि वीज कंपनीला सांगा.

गाडी वाचवायला धावणं

वाहतं पाणी ३० सेंटिमीटर असलं तरी गाडी वाहून नेऊ शकतं. १६ ऑगस्ट २००४ ला कॉर्नवॉलमधल्या बॉसकॅसल गावात दुपारी काही तासांच्या पावसाने पार्किंगमधल्या डझनावारी गाड्या उचलून समुद्राकडे नेल्या. सुमारे १०० माणसांना हेलिकॉप्टरने उचललं आणि एकही जीव गेला नाही. गाड्या गेल्या, माणसं वाचली. रेल्वेपुलाखालच्या खोलगट रस्त्यात पाणी दिसलं की गाडी वळवा, भले शाळेला उशीर होवो.

घरात पेट्रोलचा पंप किंवा जनरेटर लावणं

२००७ च्या जुलैत ट्यूक्सबरीच्या रग्बी क्लबच्या तळघरातून पाणी उपसताना पंपाच्या धुराने वडील आणि मुलगा दोघंही गेले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. असं यंत्र कायम घराबाहेर, खिडक्या-दारांपासून लांब ठेवा.

घाईने सगळं फेकून देणं

पाणी ओसरलं की हात शिवशिवतात. थांबा. आमच्या शेजारच्या आजी रबरी बूट घालून आल्या, आणि काही बोलायच्या आधी त्यांनी माझ्या हातात जाड मार्कर दिला. म्हणाल्या, प्रत्येक खोलीत पाणी चढलं तिथे रेघ मार आणि फोटो काढ. त्या रेघांमुळेच आमचा दावा सरळ मार्गी लागला. इन्शुरन्स कंपनीला आधी फोन करा आणि नुकसान तपासणारा माणूस, म्हणजे लॉस अ‍ॅडजस्टर येईपर्यंत सामान ठेवा. घाण वासामुळे कार्पेट बाहेर काढावंच लागलं तर हातभर तुकडा कापून जपून ठेवा.

भाड्याने राहत असाल तर हे नीट लक्षात घ्या. घरमालकाचा विमा इमारतीचा असतो. तुमचा सोफा, लॅपटॉप, कपडे त्यात नसतात. सामानाचा वेगळा विमा तुम्हालाच घ्यावा लागतो. पुराच्या भागात तो परवडावा म्हणून २०१६ पासून फ्लड री ही योजना आहे. पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरं तिच्यात बसत नाहीत. नवं कोरं घर घेणाऱ्यांनी, सही करायच्या आधी विम्याचा भाव विचारा.

वाळलंय असं हाताने ठरवणं

भिंत वरून कोरडी लागते, पण आत ओल असते. घाईने रंग लावलात की महिन्याभरात पोपडे धरतात आणि पांढरी भुकटी येते. ओल मोजायचं यंत्र लावल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावू नका. डीह्युमिडिफायर (हवेतली ओल खेचणारं यंत्र) चालू असेल तेव्हा खिडक्या बंद ठेवा. उघड्या ठेवल्यात तर तो बाहेरची ओल खेचत बसतो. यंत्र नसेल आणि बाहेर कोरडं असेल, तेव्हा खिडक्या उघडा. हीटिंग उन्हाळ्यातही २०-२२ अंशांवर चालू ठेवा. भट्टीसारखं तापवलंत तर लाकूड वाकतं.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो वर करत बसू नका. कुठल्या तरी सॉकेटमागे पाणी असू शकतं, इलेक्ट्रिशियनला बोलवा. काही आठवड्यांनी कोंदट वास परत आला तर स्किर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी) काढून मागे बघा. आमच्याकडे सगळं स्वच्छ दिसत होतं आणि स्किर्टिंगच्या मागे काळी बुरशी खिडकीपर्यंत चढली होती. मग तेवढा प्लास्टरबोर्ड कापून टाकावा लागला.

भिंती शेवटी फेब्रुवारीत रंगवल्या. मार्करची एक रेघ मात्र जिन्याखालच्या कपाटात तशीच ठेवली आहे. तांदळाचं पोतं आता तिच्या वर, फळीवर असतं.