परदेशात पहाटे जाग आली की दुर्बीण उचला

युरोपला मुलांकडे किंवा फिरायला निघालात तर सुरुवातीचे काही दिवस पहाटेच डोळे उघडतात. उन्हाळ्यात लंडनला पहाटेचे चार वाजतात तेव्हा जळगावला साडेआठ झालेले असतात. पडून राहू नका. जूनमध्ये तिथे पावणेपाचलाच सूर्य उगवतो आणि पक्षी सर्वात बोलके तेव्हाच असतात. घराजवळची तळं असलेली बाग गाठा.

निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन ॲपमधला त्या देशाचा पक्षी-संच उतरवून घ्या, मग तिथे नेट नसलं तरी चालतं. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. ती नवी असेल तर आधी जळगाव जिल्ह्यातल्या हतनूरच्या जलाशयावर हिवाळी बदकांवर हात बसवा. उडता पक्षी दुर्बिणीत पकडणं सरावानेच जमतं.

दुर्मिळ पक्ष्यामागे लगेच धावू नका, आधी नेहमीचे ओळखा. ब्लॅकबर्डच घ्या. नर काळा कुळकुळीत, चोच नारिंगी-पिवळी, डोळ्याभोवती तसंच कडं. हिरवळीवर चार उड्या मारतो, थबकतो, मान कलती करतो आणि गांडूळ ओढून काढतो. दहा मिनिटं एकाच नराकडे बघा, पुढे तो लांबूनही चालीवरून ओळखू येईल. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्स बागेत तर आपला नेहमीचा पोपटच थव्याने ओरडत जातो, तिथे तो चांगला रुळला आहे.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नका, विणीच्या दिवसांत तर नकोच. दुसरा नर आला असं समजून, पिलांना भरवायचं सोडून तो भांडायला येतो.