अपॉइंटमेंटच्या टूलचं डॉक्युमेंटेशन: वाचणारा एजंट असेल तेव्हा

माणसासाठी लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनमध्ये थोडी ढिलाई खपून जाते. स्क्रीनशॉट पाहून, शेजारच्याला विचारून माणूस वाट काढतो. एआय एजंट म्हणजे माणसाच्या वतीने टूल्स चालवणारा एआय प्रोग्राम. त्याच्या हाती बहुतेक वेळा टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटरची स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा) एवढंच पडतं. जे लिहिलेलं नाही ते तो अंदाजाने भरतो आणि बिनदिक्कत कॉल करतो, म्हणजे टूल चालवतो. तो कुठे कुठे अंदाज लावेल हे हुडकण्यातच या कामाचा बराच वेळ जातो.

नावापासूनच सुरुवात करा. नुसतं ‘शेड्यूल’ असं नाव ठेवलं, तर वेळा बघायला गेलेला एजंट बुकिंग करून बसू शकतो. स्लॉट (मोकळी वेळ) शोधणं, बुक करणं, वेळ बदलणं आणि रद्द करणं यांची चार वेगळी टूल्स बरी. ‘अपॉइंटमेंट बुक करते’ हे डिस्क्रिप्शन असून नसल्यासारखं. त्याऐवजी असं लिहा:

‘स्लॉट शोधा’ने दिलेला स्लॉट आयडी घेऊन एक अपॉइंटमेंट पक्की करते. ग्राहकाने वेळेला होकार दिल्यावरच वापरा. आधीच्या अपॉइंटमेंटची वेळ बदलायची असेल तर वापरू नका, त्यासाठी ‘वेळ बदला’ आहे. बुकिंग क्रमांक परत देते.

यातलं ‘वापरू नका’ हे वाक्य हमखास गाळलं जातं. मग वेळ बदलायला सांगितल्यावर नवं बुकिंग होतं आणि जुनंही तसंच राहतं.

सगळ्यात मोठा घोळ वेळेचा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? तारीख-वेळ लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस हा क्रम सांगा आणि प्रत्येक फील्डमध्ये एक नमुना द्या. टाइमझोनचं पूर्ण नाव मागा. यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक पुरत नाही, कारण तो वर्षभर सारखा राहीलच असं नाही: काही देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे आणि नंतर परत मागे करतात. न्यूयॉर्कमध्ये ८ मार्च २०२६ रोजी पहाटे २:३० ही वेळ घड्याळात येतच नाही, आणि १ नोव्हेंबरला रात्रीचे १:३० दोनदा वाजतात. अशा वेळी टूल एरर देतं की पुढची वेळ धरतं, हे लिहून ठेवा. आजची तारीख एजंटला माहीत असेलच असंही नाही, म्हणून ‘स्लॉट शोधा’च्या उत्तरात चालू वेळ पाठवा, नाहीतर ‘उद्या’ भलत्याच वर्षात जाऊन पडतो. कालावधीचं एकक फील्डच्या नावातच घाला: ‘कालावधी_मिनिटे’. नुसत्या ‘कालावधी’त कुणी ३० पाठवेल, कुणी १८००.

अंदाज चुकण्याची दुसरी जागा रिट्रायची, म्हणजे तोच कॉल पुन्हा करण्याची. बुकिंग झालं, पण उत्तर यायच्या आत टाइमआउट झाला (वाट बघायची मुदत संपली), की एजंट तोच कॉल पुन्हा करतो आणि एका माणसाच्या दोन अपॉइंटमेंट होतात. यावर उपाय आयडेम्पोटन्सी की: कॉलसोबत पाठवायची एक खूण, तीच पुन्हा आली तर टूल दुसरं बुकिंग करत नाही. पण ‘प्रत्येक रिक्वेस्टला युनिक की द्या’ असं लिहिलंत, तर एजंट रिट्रायलाही नवी की बनवतो आणि सगळं मुसळ केरात. नेमकं लिहा: त्याच बुकिंगच्या रिट्रायला तीच की, वेगळ्या बुकिंगला नवी.

एरर मेसेज हेही डॉक्युमेंटेशनच. नुसता ‘४०९ कॉन्फ्लिक्ट’ (मागणी सध्याच्या स्थितीशी जुळत नाही, असं सांगणारा एरर कोड) आला, तर तोच स्लॉट पुन्हा पुन्हा मागितला जातो. ‘हा स्लॉट आता मोकळा नाही. पुन्हा स्लॉट शोधा, हा आयडी परत पाठवू नका’ एवढं लिहिलं की पुढची पायरी कळते. ४२९ (थोड्या वेळात फार रिक्वेस्ट आल्या) असेल तर किती सेकंद थांबायचं तेही द्या.

उत्तराच्या लांबीकडे सहसा कुणी बघत नाही. १५ मिनिटांचे स्लॉट, ८ तासांचा दिवस, ३० दिवस: एकाच कॅलेंडरचे ९६० स्लॉट. एवढ्या यादीत एजंटचा संदर्भ (त्याला एका वेळी विचारात घेता येणारा मजकूर) उगाच भरतो. पहिले १० द्या, पण सोबत ‘आणखी स्लॉट आहेत’ असं फील्ड हवंच. ते नसेल तर ‘एवढ्याच वेळा शिल्लक आहेत’ असं तो ग्राहकाला छातीठोकपणे सांगेल.

तपासणीसाठी वीसेक वाक्यं जमवा: ‘मंगळवारी दुपारनंतर कधीही’, ‘मागच्या वेळेसारखंच’, ‘नको, राहू दे’. त्याच वाक्यावर एजंट दर वेळी तसाच कॉल करेल याची खात्री नसते, म्हणून प्रत्येक वाक्य चार-पाच वेळा चालवा आणि उत्तरापेक्षा कॉलचा लॉग (कोणतं टूल कसं चालवलं याची नोंद) वाचा. डिस्क्रिप्शनमधलं एका वेळी एकच वाक्य बदला. ‘नको, राहू दे’वर ‘रद्द करा’ बोलावलं गेलं, तर त्या टूलमध्ये बुकिंग क्रमांक सक्तीचा आहे का, ते आधी बघा.