कबड्डी संघाची कामगिरी गुणफलकापलीकडे कशी मोजावी

भातकापणी आटोपली की रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत गावोगावी कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात, आणि सामना संपल्यावर मंडळात रंगणारी चर्चा बहुधा दोनच आकड्यांभोवती फिरते: अंतिम गुणसंख्या आणि मुख्य चढाईपटूने मिळवलेले गुण. दोन्ही आकडे खरे असले तरी संघ का जिंकला किंवा का हरला, हे त्यांतून कळत नाही. प्रो कबड्डीच्या २०१७ च्या हंगामात परदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण मिळवले आणि त्याचा पाटणा पायरेट्स संघ विजेता ठरला. २०१९ मध्ये पवन सेहरावतने ३४६ गुण मिळवूनही बंगळूरु बुल्सचा प्रवास उपांत्य फेरीतच संपला. एका खेळाडूच्या गुणांची बेरीज संघाच्या कामगिरीचे मोजमाप ठरू शकत नाही, एवढे यावरून मान्य करायला हरकत नसावी.

अडचण अशी आहे की गुणफलकावर सारखा दिसणारा प्रत्येक गुण मैदानावर सारखा नसतो. बोनस रेषा ओलांडून मिळवलेला एक गुण आणि बचावपटूला स्पर्श करून मिळवलेला एक गुण फलकावर शेजारी शेजारी बसतात. मात्र स्पर्शाच्या गुणाने समोरचा एक खेळाडू बाहेर जातो आणि आपला एक बाद खेळाडू जिवंत होतो, तर बोनसने यांपैकी काहीच घडत नाही. म्हणून पहिला नियम असा ठेवावा की, चढाईचा निकाल लिहिण्याआधी, ती चढाई सुरू होताना मैदानावर काय स्थिती होती ते लिहावे.

ही दृष्टी अमेरिकन फुटबॉलच्या अभ्यासकांकडून घेण्यासारखी आहे. त्या खेळात संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तिसऱ्या प्रयत्नात तीन यार्ड हवे असताना मिळवलेले पाच यार्ड डाव चालू ठेवतात, तर दहा हवे असताना मिळवलेले तेच पाच यार्ड बहुधा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती सोपवण्याची वेळ आणतात. सिनसिनाटी बेंगल्स संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची चाल चालवणारा खेळाडू) व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल यांनी १९७१ मध्ये, चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात असताना सरासरी किती गुणांची अपेक्षा धरावी, याचे गणित प्रसिद्ध केले. प्रत्येक खेळीआधीची अपेक्षा आणि खेळीनंतरची अपेक्षा यांतला फरक हीच त्या खेळीची खरी किंमत, या विचारावर तिथले आजचे बरेचसे प्रगत विश्लेषण उभे आहे. आपल्याकडे यार्डांची जागा मैदानावरील खेळाडूंच्या संख्येने घ्यायची.

नोंदीसाठी साधी वही किंवा मोबाइलवरील स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक चढाईला एक ओळ द्यावी आणि तीत वेळ, गुणस्थिती, चढाईपटूचा क्रमांक, आपले खेळाडू, समोरचे खेळाडू, सलग रिकाम्या (कोणालाच गुण न मिळालेल्या) चढायांनंतरची ही कितवी चढाई आहे, निकाल, दोन्ही संघांना मिळालेले गुण आणि पकड कोणी, कोठून केली, एवढे रकाने असावेत. पुरुषांच्या ४० मिनिटांच्या सामन्यात ३० सेकंदांच्या पूर्ण वेळेच्या ८० चढाया बसतात, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण ४० येतात. एक नोंद करणारा आणि एक सांगणारा असे दोघे असले की हे काम सामना चालू असतानाच होते. तरीही चित्रीकरण करून ठेवावे. मोबाइल मध्यरेषेच्या सरळ रेषेत, बाजूला, शक्य तितक्या उंचीवर ठेवला तर दोन्ही अंगणे सारखी दिसतात.

एक ओळ उदाहरणादाखल पाहू. उत्तरार्धाचे सातवे मिनिट, आपण १८-१४ असे पुढे. चढाईला ९ क्रमांक, आपले पाच, समोर तीन, तिसरी चढाई. उजव्या कोपऱ्यातल्या बचावपटूने घोटा धरला, मध्यरक्षकाने धडक देऊन मध्यरेषेपासून मागे रेटले. समोरच्यांना दोन गुण. फलकावर १८-१६ दिसते. वहीत मात्र ही अव्वल पकड (तीन किंवा कमी बचावपटूंनी केलेली, दोन गुणांची) होती, चढाईपटूवर तिसऱ्या चढाईची सक्ती (सलग दोन रिकाम्या चढायांनंतर गुण घ्यावाच लागतो) होती आणि समोरचे तीनाचे चार झाले, हे सगळे राहते. त्या सक्तीच्या आधीच्या दोन रिकाम्या चढाया कोणी केल्या, ही दोन ओळी वर जाऊन पाहण्याची गोष्ट आहे, आणि पुष्कळदा खरा दोष तिथेच सापडतो.

दोन्ही संघांच्या खेळाडूसंख्येची प्रत्येक जोडी वेगळी मोजू गेल्यास रकाने रिकामे राहतात, म्हणून समोरच्या बचावपटूंच्या संख्येवरून तीनच गट करावेत: सात-सहा, पाच-चार आणि तीन किंवा कमी. हे गट नियमांनीच आखून दिले आहेत. पहिल्यात बोनस मिळू शकतो, दुसऱ्यात तो मिळत नाही आणि तिसऱ्यात पकड झाल्यास बचावाला दोन गुण मिळतात. प्रत्येक गटात आपल्या चढायांतून मिळालेले गुण वजा त्याच चढायांत समोरच्यांना दिलेले गुण, भागिले चढायांची संख्या, असा निव्वळ सरासरी आकडा काढावा. बोनस घेऊन चढाईपटू पकडला गेला तर दोन्ही बाजूंना नोंद करावी.

तिसरा गट सर्वांत बोलका असतो. समोर तीन किंवा दोन बचावपटू असताना एका स्पर्शाने एक गुण मिळतो आणि पकडले गेल्यास दोन जातात. केवळ गुणांच्या हिशेबाने निर्णायक झालेल्या दर तीन चढायांपैकी दोन यशस्वी झाल्या तरच बरोबरी होते. समोर एकच उरला असेल तर गणित उलटते: स्पर्शाचा एक आणि लोणाचे (समोरचा सगळा संघ बाद केल्याचे) दोन असे तीन गुण मिळतात, हुकल्यास दोन जातात, त्यामुळे दहापैकी चार वेळा यश आले तरी नुकसान नाही. जिवंत होणाऱ्या खेळाडूंचा आणि जवळ आलेल्या लोणाचा फायदा यात धरलेला नाही, म्हणून हे आकडे ढोबळच समजावेत. तरीही शेवटच्या बचावपटूसमोर बिचकणारा आणि तिघांसमोर बेदरकारपणे घुसणारा चढाईपटू संघाला किती महाग पडतो, ते एवढ्यावरून दिसते.

चढाईपटूंची तुलना करताना हाच चष्मा लावावा. समजा, एकाने २० चढायांत ८ गुण मिळवले, त्यांतले ५ बोनसचे, आणि तो ५ वेळा पकडला गेला. दुसऱ्याने १४ चढायांत स्पर्शाचे ६ गुण मिळवले आणि तो दोनदा पकडला गेला. गावात पहिल्याचे नाव होते. अव्वल पकड एकही नव्हती असे धरले, तर निव्वळ हिशेबात पहिल्याचे ३ आणि दुसऱ्याचे ४ गुण भरतात. शिवाय दुसऱ्याने सहा जणांना बाहेर पाठवले, पहिल्याने तिघांनाच. मात्र लगेच निकाल देऊ नये, कारण पहिल्याच्या वाट्याला तिसऱ्या चढाया अधिक आल्या असतील तर त्याने संघाचे ओझे वाहिले, असाही अर्थ निघतो. तिसऱ्या चढाया म्हणूनच सदैव वेगळ्या मोजाव्यात.

याच नोंदींतून आणखी एक आकडा हाती लागतो, जो मला सर्वांत उपयोगी वाटतो: मुख्य चढाईपटू मैदानात असतानाची आणि बाहेर बसलेला असतानाची संघाची निव्वळ सरासरी. फरक फार मोठा असेल, तर तो चढाईपटू किती चांगला आहे यापेक्षा त्याला जिवंत करणारे हात संघात किती कमी आहेत, हे त्यातून समजते.

पकडीची आकडेवारी बहुतेक ठिकाणी अर्धवटच ठेवली जाते, कारण यशस्वी पकडी लिहिल्या जातात आणि फसलेल्या विसरल्या जातात. डाव्या कोपऱ्याने चार पकडी केल्या हे सांगणे पुरेसे नाही. त्याने हात किती वेळा टाकला आणि त्या फसलेल्या प्रयत्नांत मदतीला धावलेले किती जण स्पर्शाने बाद झाले, हेही लिहावे. हात न टाकता रिकामी जाऊ दिलेली चढाई हे बचावाचे अपयश मानू नये. अशा दोन चढाया झाल्या की समोरच्याला तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर तो बाद होतो आणि आपल्याला गुण मिळतो. समोरच्यांवर अशी सक्ती किती वेळा आणली आणि तिचे काय झाले, यावरून बचावाचा संयम कळतो.

कोकणातल्या नोंदींना काही पथ्ये पाळावी लागतात. मातीवर अनवाणी आणि मॅटवर बूट घालून खेळलेले सामने एकत्र मिसळू नयेत, कारण पायाची पकड बदलली की चढाईपटूचे वळणे बदलते आणि घोटा धरण्याचे यशही. मध्यरात्री दादरहून तुतारी एक्सप्रेसने निघून सकाळी गावच्या संघात उतरणारे चाकरमानी असतील तर त्यांच्यासह आणि त्यांच्याविना खेळलेले सामने वेगळे ठेवावेत. नाव एकच असले तरी ते दोन संघ असतात. अखेरच्या पाच मिनिटांत दहाहून अधिक गुणांची आघाडी असताना केवळ वेळ काढण्यासाठी केलेल्या चढाया हिशेबातून वगळाव्यात. प्रतिस्पर्ध्याचेही भान ठेवावे: आपली सरासरी, त्याच संघासमोर इतरांनी काय केले त्याच्या शेजारी ठेवून पाहावी.

आणि घाई करू नये. ५० प्रयत्नांपैकी २५ पकडी यशस्वी झाल्या, तर त्या बचावाचे खरे प्रमाण ३६ टक्क्यांपासून ६४ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते. एका रात्रीच्या स्पर्धेतील तीन-चार सामन्यांवरून कोपरारक्षक बदलणे हा विश्लेषणाचा नव्हे, रागाचा निर्णय असतो. संपूर्ण संघाच्या चढायांचे आकडे लवकर स्थिरावतात, एकेका खेळाडूचे उशिरा, आणि विशिष्ट गटातील एकेका खेळाडूचे तर संपूर्ण हंगाम झाल्यावरही डळमळीतच राहतात.

सरावाला जाताना सगळा तक्ता खेळाडूंपुढे पसरू नये. त्यातून एकच प्रश्न निवडावा, उदाहरणार्थ तिघांसमोर आपण इतके गुण का देतो, आणि त्या स्थितीच्या सगळ्या ओळींचे चित्रीकरण एकापाठोपाठ दाखवावे. मग मैदानावर तीनच बचावपटू उभे करून, तिसऱ्या चढाईची सक्ती ठेवून, तीच स्थिती पुन्हा पुन्हा खेळवावी आणि त्या सरावाचीही त्याच रकान्यांत नोंद करावी.