होम सायन्स घेतलंय? आधी वजनकाटा घ्या

धुळ्यात मी गृहविज्ञान शिकवते. पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलींना (हल्ली एखाद-दुसरा मुलगाही असतो) घरून एकच वाक्य ऐकवलेलं असतं : "सयपाकच शे ना, त्यामा काय शिकानं?" खरं तर ज्यांना स्वयंपाक उत्तम येतो, त्यांचेच मार्क जास्त जातात. हाताला अंदाज असतो, मग वहीतही अंदाजच उतरतो.

म्हणून पुस्तकाआधी एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा घ्या. घरातली वाटी, पळी आणि चहाचा कप यांत किती मिली पाणी मावतं ते मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तुमच्याकडची वाटी १२० मिलीची आणि मैत्रिणीकडची २०० मिलीची असेल, तर "एक वाटी वरण" या नोंदीला काही अर्थ नाही.

पोषणाच्या प्रात्यक्षिकात पहिला अडतो तो चोवीस तासांच्या आहाराचा तक्ता. काकूला "काल काय खाल्लं?" विचाराल तर "भाजी-भाकर" एवढंच मिळेल. उठल्यापासून सुरुवात करा : चहा कितीदा, साखर किती, निंदणीला गेल्यावर बांधावर काय तोंडात टाकलं, संध्याकाळी कुणाकडे काय खाल्लं. सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई हमखास म्हणते, "उरलं ते खाल्लं." तिथे थांबू नका. पातेल्यात काय उरलं होतं, भाकरी अर्धी होती की पाव, हे विचारा. घरात सगळ्यांत कमी खाणारं माणूस कोण, ते पुष्कळदा याच प्रश्नातून कळतं.

आता हिशेब. समजा ३०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीचं १५०० मिली वरण झालं आणि काकूने २०० मिली घेतलं. ३०० गुणिले २००, भागिले १५००, म्हणजे तिच्या वाट्याला ४० ग्रॅम कच्ची डाळ आली. शंभर ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तिला सुमारे ९ ग्रॅम मिळाली. कोष्टकं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची वापरा. २०१७ च्या आवृत्तीत ५२८ पदार्थ आहेत. कच्च्या डाळीचे आकडे शिजलेल्या वरणाला लावू नका. ही चूक दर वर्षी निम्मा वर्ग करतो.

तेल तर कुणी लिहीतच नाही. शेवभाजीची तर्री ताटात दिसते, पण तक्त्यात शेव आणि मसाला तेवढा असतो. त्यासाठी महिन्याचा हिशेब धरा : चार माणसांत महिन्याला ४ किलो तेल संपत असेल, तर माणशी रोज ३३ ग्रॅम झालं. ग्रॅमला ९ किलोकॅलरी धरल्या तर नुसत्या तेलाच्या तीनशे होतात. घरातली सगळी माणसं सारखं खात नाहीत हे खरं, पण तेलाचा रकाना कोरा ठेवण्यापेक्षा ही सरासरी बरी.

उदाहरणं आपल्याकडचीच द्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीवर पानभर उत्तर होतं. लायसिन आणि मेथिओनिन ही प्रथिनं बनवणारी अमिनो आम्लं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी, ते उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ती उणीव ज्वारी भरून काढते. आणि जळगावची केळी लिहाल तेव्हा सांभाळून. "कापलं की काळं पडतं, म्हणजे लोह आहे" असं वर्गात कुणीतरी म्हणतंच. काळं पडतं ते हवा लागल्यावर विकरांमुळे (एन्झाइममुळे). केळ्यात लोह अगदी थोडं असतं, आणि त्याच पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं.

ग्राहक अभ्यासाचा पेपर पाठांतराचा वाटतो, तसा नाही. शेवेचं एक पाकीट समोर ठेवा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. तेल कितव्या जागी आहे ते बघा, अन्नसुरक्षेचा (FSSAI) १४ आकडी परवाना क्रमांक शोधा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून सध्या एवढं पुरे : तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात आपल्या शाखेबाहेरचाही एक विषय घ्यावा लागतो. कॉलेजच्या यादीत चित्रपट रसास्वाद असेल तर जरूर घ्या, पण आराम म्हणून नको. तिथेही मुली गोष्टच लिहितात : नायक येतो, मग भांडण होतं. गोष्टीला मार्क नाहीत. तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्या. आधी आवाज बंद करून बघा आणि दृश्य किती वेळा तुटतं (कट होतं) ते मोजा. मग डोळे मिटून नुसता ऐका. कॅमेरा कुठे होता, कोण चौकटीबाहेर राहिलं, हे लिहून झाल्यावरच "मला आवडलं" लिहा. सरावाला मोबाइलवरचं एखादं अहिराणी गाणंही चालतं, दृश्यं भराभर तुटतात.

आमच्या मुलींना मी श्याम बेनेगलांचा 'मंथन' बघायला सांगते. १९७६ चा, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला. दुधाचं फॅट, भाव, डेअरी, सगळं त्यात आहे. शिवाय स्मिता पाटील, जिच्या वडिलांचं गाव आपलं शिरपूर. एकाच सिनेमात तिन्ही पेपरांची तयारी होते.

आणि जर्नलवर तारीख त्या त्या दिवशीच टाका. आदल्या रात्री एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेलं जर्नल बाहेरून आलेल्या परीक्षकांना दोन पानांत कळतं, आणि मग तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न येतो : "तुमच्या वाटीत किती मिली मावतं?"