इंग्रजीच्या भूतकाळात ‘मला’, ‘त्याला’, ‘तिला’ कुठे ठेवायचं?

‘त्याने मला पत्ता सांगितला.’ हे वाक्य इंग्रजीत सांगायची वेळ आली की मराठी माणसाच्या तोंडून पटकन निघतं, ‘ही टोल्ड टू मी द ॲड्रेस.’ यातला ‘टू’ काढून टाकला की वाक्य बरोबर होतं: ‘ही टोल्ड मी द ॲड्रेस.’ चूक एवढीशीच, पण ती अगदी चिवट आहे. कारण मराठीत ‘ला’ ऐकू येतो, मग इंग्रजीतही त्याच्यासाठी एखादा शब्द असणारच असं वाटत राहतं. इंग्रजीत या ‘ला’चं काम जागा करते. क्रियापदाच्या लगेच पुढची जागा म्हणजेच ‘ला’.

पुढे वाचताना एक लक्षात असू द्या. इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत लिहिली आहेत, त्यामुळे त्यांतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. आपल्या ‘मी’ला इंग्रजीत ‘आय’ म्हणतात.

पहिली पायरी: चार खुर्च्या मांडा

कोणी, क्रियापद, कोणाला, काय. या क्रमाने चार खुर्च्या डोळ्यांसमोर आणा आणि शब्द त्यांत बसवा. ‘शी – गेव्ह – हिम – अ बुक.’ ‘दे – सेंट – अस – अ लेटर.’ ‘आय – शोड – हर – द फोटो.’ तिसऱ्या खुर्चीत सर्वनामाचं कर्माचं रूपच बसतं: मी, यू, हिम, हर, अस, देम. तिथे ‘ही’, ‘शी’, ‘वी’, ‘दे’ चालत नाहीत.

मराठीत या खुर्च्या हलवता येतात. ‘पुस्तक तिने त्याला दिलं’, ‘त्याला तिने पुस्तक दिलं’, दोन्ही बरोबर, कारण कोण काय आहे ते ‘ने’ आणि ‘ला’ सांगतात. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही असे विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजत गेले आणि त्यांचं काम शब्दक्रमावर येऊन पडलं. आजचा ‘हिम’ हे त्या जुन्या इंग्रजीत चतुर्थीचं, म्हणजे ‘त्याला’चंच रूप होतं, द्वितीयेसाठी ‘हिने’ असं वेगळं रूप होतं, ते पुढे मागे पडलं. ‘गेव्ह टू हिम अ बुक’ म्हणताना आपण त्या ‘ला’ला आणखी एक ‘ला’ जोडत असतो, असं मनाशी धरलं की तो ‘टू’ खटकायला लागतो.

दुसरी पायरी: क्रियापद बदलू नका

‘तिने मला वही दिली, पेन दिलं, फोटो दिला, फोटो दिले.’ मराठीत भूतकाळाचं क्रियापद वस्तूचं लिंग आणि वचन पाहून बदलतं. इंग्रजीत चारही ठिकाणी ‘गेव्ह’च. वस्तू कोणतीही असो, देणारा कोणीही असो, रूप एकच. या बाबतीत इंग्रजी आपल्यापेक्षा कितीतरी सोपी आहे. फक्त अनियमित रूपं पाठ हवीत: गेव्ह, टोल्ड, सेंट, लेंट, टॉट, बॉट, ब्रॉट. नकारात आणि प्रश्नात मात्र भूतकाळ ‘डिड’ उचलतो आणि क्रियापद मूळ रूपात परततं. ‘शी डिडन्ट गिव्ह मी द बुक.’ ‘डिड शी टेल यू द ट्रुथ?’ खुर्च्या तिथेच राहतात.

तिसरी पायरी: वस्तूच सर्वनाम असेल तर क्रम उलटा करा

‘त्याने ते मला दिलं.’ आता वस्तूही ‘इट’ झाली आहे. ‘ही गेव्ह मी इट’ कानाला अवघडलेलं वाटतं. सहज बोललं जातं ते ‘ही गेव्ह इट टू मी.’ म्हणजे ‘इट’ किंवा ‘देम’ वस्तूच्या जागी आले की त्यांना क्रियापदाजवळ बसवा आणि व्यक्तीला ‘टू’चा हात धरून मागे पाठवा. ‘टू’ची खरी गरज इथे लागते.

काही क्रियापदांना ‘टू’ऐवजी ‘फॉर’ लागतो. ओळखायची खूण अशी: वस्तू थेट त्या माणसाकडे जाते, तिथे ‘टू’ (दिलं, पाठवलं, दाखवलं, उसनं दिलं). आधी त्याच्यासाठी काही करावं लागलं, तिथे ‘फॉर’ (विकत घेतलं, बनवलं, शोधून दिलं). ‘शी बॉट मी अ पेन’, पण ‘शी बॉट इट फॉर मी.’

चौथी पायरी: हट्टी क्रियापदं वेगळी काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण चांगलं इंग्रजी बोलणारेही इथे अडखळतात. ‘तिने मला नियम समजावून सांगितला’ याचं ‘शी एक्स्प्लेन्ड मी द रूल’ होत नाही. ‘शी एक्स्प्लेन्ड द रूल टू मी’ असंच म्हणावं लागतं. ‘ही सजेस्टेड मी अ बुक’ हेही चूक; ‘ही सजेस्टेड अ बुक टू मी’ हवं. डिस्क्राइब, इंट्रोड्यूस, मेन्शन ही याच गटातली. अर्थ ‘सांगणे’, ‘दाखवणे’ यांच्या जवळचा असूनही ती तिसऱ्या खुर्चीत माणसाला बसू देत नाहीत.

यामागे एक ढोबळ कारण आहे. गिव्ह, टेल, सेंड, शो, टीच, लेंड हे इंग्रजीच्या घरातले जुने, छोटे शब्द आहेत. एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब हे लॅटिन मुळाचे, नंतर आलेले, लांब आणि पहिल्या अवयवावर (म्हणजे सिलॅबलवर) जोर नसलेले. जुन्या शब्दांना दोन कर्मं सहज पेलतात, या नव्यांना पेलत नाहीत. ऑफर आणि प्रॉमिस बाहेरून आले, पण त्यांचा जोर पहिल्या अवयवावर असल्यामुळे ते घरच्यांसारखे वागतात: ‘ही ऑफर्ड मी अ जॉब.’ अलाउ आणि असाइन मात्र या खुणेला जुमानत नाहीत, ‘दे असाइन्ड हिम अ टास्क’ बरोबर आहे. त्यामुळे खूण आधाराला ठेवा, पण हट्टी क्रियापदांची यादी वहीत स्वतंत्र लिहा.

‘सेड’ आणि ‘टोल्ड’ यांचा गोंधळ तर मराठीच सोडवते. आपण ‘तो म्हणाला’ म्हणतो, ‘त्याने म्हणाला’ नाही. पण ‘त्याने सांगितलं’ म्हणतो. जिथे मराठीत ‘म्हणाला’ येईल तिथे ‘सेड’, आणि माणूस आणायचा तर ‘सेड टू मी’. जिथे ‘सांगितलं’ येईल तिथे ‘टोल्ड मी’, मधे काही नाही.

याउलट ‘आस्क्ड’ आणि ‘कॉस्ट’ यांना ‘टू’ चालतच नाही. ‘शी आस्क्ड मी अ क्वेश्चन.’ ‘इट कॉस्ट अस थ्री अवर्स.’

एक फसवं रूप

‘दे मेड हर अ डॉल’ आणि ‘दे मेड हर द कॅप्टन’ यांचा सांगाडा एकच दिसतो. पहिल्यात तिच्यासाठी बाहुली बनवली, दुसऱ्यात तिलाच कर्णधार केलं. ‘फॉर हर’ घालून पाहा: ‘मेड अ डॉल फॉर हर’ जमतं, दुसरं वाक्य मोडतं. जे मोडतं त्यात दुसरं कर्म नसतं, त्याच व्यक्तीचं वर्णन असतं.

ऐकताना

भरभर बोलण्यात ‘हिम’ आणि ‘हर’ यांचा ‘ह’ गळतो. ‘गेव्ह हिम’ हे ‘गेव्हिम’ आणि ‘टोल्ड हर’ हे ‘टोल्डर’ असं कानावर येतं. बोलताना तुम्हीही सर्वनामावर जोर देऊ नका, तो वस्तूवर पडू द्या. सर्वनाम क्रियापदाला असं चिकटून आलं की मधे ‘टू’ शिरायला जागाच उरत नाही.

आता सराव. उत्तरं झाकून ठेवा आणि वाक्यं मोठ्याने म्हणा. ‘आम्ही त्यांना नकाशा दाखवला.’ ‘तिने मला अडचण समजावून सांगितली.’ ‘मी तो (नकाशा) तिला पाठवला.’ ‘त्याने आम्हाला खरं सांगितलं नाही.’

उत्तरं: ‘वी शोड देम द मॅप.’ ‘शी एक्स्प्लेन्ड द प्रॉब्लेम टू मी.’ ‘आय सेंट इट टू हर.’ ‘ही डिडन्ट टेल अस द ट्रुथ.’ तिसऱ्यात ‘सेंट हर इट’ आणि चौथ्यात ‘डिडन्ट टोल्ड’ तोंडात आलं असेल, तर तिसरी आणि दुसरी पायरी पुन्हा वाचा आणि उद्या हीच चार वाक्यं परत म्हणा.