कॅनव्हासच्या पिशवीवर पाणी न धरणारा लेप

पंचवटीहून सातपूरला दुचाकीने जाताना पावसात कॅनव्हासची पिशवी भिजते आणि आतले कागद ओले होतात. यावर बाजारात मिळणारा, पाणी झटकून टाकणारा नॅनो-लेपाचा फवारा चांगला उपयोगी पडतो. मात्र कापडावर साबणाचा अंश राहिला असेल तर लेप नीट धरत नाही, म्हणून पिशवी धुतल्यावर दोनदा साध्या पाण्यातून काढावी आणि पूर्ण वाळवावी. मग डबा वीतभर अंतरावर धरून, एकच जाड थर न देता, दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर डब्यावर लिहिलेला वेळ थांबावे. शिवणींना एक हात जास्त द्यावा, कारण पाणी आधी सुईच्या भोकांतूनच शिरते. चमचाभर पाणी ओतून पाहावे: अळवाच्या पानावरच्यासारखे गोल थेंब घरंगळले, तर काम झाले, जिथे ओला डाग पसरेल, तिथे पुन्हा फवारावे. अंगाला घासणाऱ्या बाजूचा लेप लवकर झिजतो.

फवारणी गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून आणि तोंडावर मास्क लावूनच करावी. बंद खोलीत मुळीच करू नये, कारण हे सूक्ष्म तुषार श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते.